पेणचा रोमन सम्राट

आमचे सर माणसाकडे समोरून बघत नसत. कुणी दवाखान्यात शिरलं की ते उठून त्याच्या बाजूला जाऊन उभे राहत, एक डोळा बारीक करत आणि मग म्हणत, "हां, बसा." नव्या पेशंटला वाटायचं, डॉक्टरांची मान अवघडलीय. जुन्यांना सवय झाली होती. ते आत आल्या आल्या आपणहून भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

दातांची डॉक्टर होऊन मी पहिल्यांदा नोकरी विचारायला गेले ती त्यांच्याकडे, रोह्याहून पेणला. प्रमाणपत्रांची फाईल पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"जरा खिडकीकडे बघ," म्हणाले.

मी बघितलं. खाली रस्त्यावर एक माणूस टेम्पोत गणपती चढवत होता.

"नाक सरळ आहे. हनुवटी जरा मागे. पण चालेल."

मी पर्स उचलली. दारापर्यंत पोचले, तेवढ्यात आतल्या बाजूने सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आल्या. दवाखान्यामागेच त्यांचं घर. हाताला पापडाचं पीठ लागलेलं.

"अगो बस, बस. ह्यांचं तसलं काही नाय," त्या म्हणाल्या. "तू नाण्यावर कशी दिसशील ते बघतायत. माझं लग्न असंच जमलं. बघायला आले आणि म्हणाले, जरा त्या कॅलेंडरकडे बघता का? मला वाटलं मुलगा लाजतोय."

सर लाजलेबिजले नव्हते. त्यांना काकूंचं नाक आवडलं होतं. "आजतागायत त्यांनी मला समोरून धड बघितलेलं नाय," काकू सांगायच्या. "उद्या मी हरवले तर पोलिसांना काय वर्णन देतील? एक कान, एक डोळा."

सरांना नाद होता रोमन नाण्यांचा. चांदीची, अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी, दोन हजार वर्षांमागची. प्रत्येकावर कुठल्या तरी सम्राटाचा चेहरा, आणि तो कायम बाजूने. आपल्या किनाऱ्यावर त्या काळी परदेशी गलबतं यायची, चांदी देऊन माल न्यायची, हे सर पेशंटला असं सांगायचे की जणू कालच भरतीला एक गलबत धरमतरच्या खाडीत लागून गेलं. सरांची स्वतःची नाणी मात्र खाडीत सापडलेली नव्हती. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांतून, नाणीवाल्यांच्या दुकानांतून, हौसेने एकेक करून जमवलेली होती. ती ठेवायचे कवळ्यांच्या प्लास्टिकच्या डब्यांत, आणि डब्या औषधांच्या कपाटात. मी नवी असताना एका आजोबांची कवळी समजून ऑगस्टस बादशहाला घेऊन आले होते. आजोबांनी डबी उघडली आणि म्हणाले, "माझी एवढी झिजली?"

नाणी दाखवायची सरांची वेळ ठरलेली. हिरडीत भुलीचं इंजेक्शन द्यायचं, आणि ती चढेपर्यंत पेशंट ओठ लोंबवून, गाल जड करून बसलेला असतो. त्याला धड बोलता येत नाही, उठून जाता येत नाही. सरांना श्रोता हवा असे तो नेमका असा. ते डबी उघडायचे, नाणं चिमटीत धरून दिव्याखाली न्यायचे आणि सुरू व्हायचे. हा ऑगस्टस, ह्याचा चेहरा म्हातारपणीही नाण्यावर तरणाच, आपल्या पुढाऱ्यांच्या फलकासारखा. हा तिबेरियस, तोंड कडू, पित्ताचा त्रास असणार. हा नीरो, मान बघा, डोक्यापेक्षा रुंद. पेणमधल्या निम्म्या लोकांना रोमचे सम्राट तोंडपाठ होते ते ह्या खुर्चीमुळे. शाळेचा काही संबंध नाही.

गावातल्या माणसांनाही त्यांनी सम्राटांची नावं वाटून टाकली होती. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचा तिबेरियस झाला होता. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक दात साफ करायला यायचे. सर आतून ओरडायचे, "नीरो आले का? बसव त्यांना." नगरसेवक खूश. राजाचं नाव आहे म्हटल्यावर दोन ठिकाणी त्यांनी ते स्वतःच सांगितलं. मग कुणीतरी त्यांना मोबाईलवर नीरोची माहिती काढून दिली. तसेच तणतणत दवाखान्यात आले.

"डॉक्टर, मी काय गाव जाळला का?"

"अजून तरी नाही," सर म्हणाले. "आ करा."

पण सरांचा खरा जीव होता तो वेस्पासियनवर. हा टकला, जाड मानेचा, म्हातारा सम्राट. त्याचं नाक खाली आलेलं, हनुवटी वर गेलेली, मधे ओठ आत ओढलेले. सरांनी हे नाणं तरुणपणी घेतलेलं, त्यांच्या संग्रहातलं अगदी पहिलं. त्यांचं म्हणणं, ह्या माणसाच्या तोंडात दात नव्हते. चेहऱ्याची ही घडी दात गेल्याशिवाय पडतच नाही. एकदा खाडीकडच्या गावातून एक म्हातारी दाढ काढायला आली होती. जन्म मिठागरावर गेलेला, आवाज खणखणीत. सरांनी तिच्यापुढे वेस्पासियन धरला. तिने भुलीने जड झालेल्या जिभेनेच विचारलं, "ह्यो कोन? तुजा आजा काय रं?"

"नाय गो आये. रोमचा राजा हाय. लय जुना."

म्हातारीने नाणं डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं. "दात नायत मेल्याला."

सर एवढे खूश झाले की दाढ काढायची राहिली बाजूला, काकूंना बोलावून त्यांनी म्हातारीला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

हाच सिद्धांत घेऊन ते एकदा पुण्याला नाण्यांच्या प्रदर्शनात गेले होते. तिथे एका निवृत्त प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. प्राध्यापक म्हणजे जुन्या नाण्यांतला मोठा माणूस. व्याख्यान झाल्यावर सर उठले आणि त्यांनी विचारलं, "वेस्पासियनचे दात गेले होते, ह्यावर कुणी काही लिहिलंय का?" प्राध्यापकांनी विचारलं, आपण काय करता? सर म्हणाले, दातांचा डॉक्टर आहे. प्राध्यापक माइकवरून म्हणाले, "मग आपण दातच बघावेत. नाणी आम्ही बघू." सगळा हॉल हसला.

ही गोष्ट सर आम्हाला हसत हसत सांगायचे. पण सांगायचे फार वेळा. आणि दर वेळी हॉल थोडा मोठा व्हायचा.

पुढे सरांच्या एका स्नेह्याने खटपट करून त्याच प्राध्यापकांना पेणला यायला राजी केलं. अलिबागला जाता जाता रविवारी सकाळी तासभर थांबून ते संग्रह बघणार होते. सरांच्या आयुष्यात पहिल्यांदा जाणकार माणूस त्यांची नाणी हातात घेणार होता. आठ दिवस सर पॉलिश केल्यासारखे चमकत होते. मग एके दुपारी त्यांनी मला स्वतःसमोर उभं केलं आणि मान खिडकीकडे वळवली.

"माझं नाक कसं आहे?"

"लांब आहे," मी म्हटलं.

"सम्राटाचं वाटतं की नाही?"

तिथून तो उद्योग सुरू झाला. आम्ही दातांच्या टोप्या करतो त्या आधी मेणात कोरतो, मग मेणाभोवती साचा घालतो, तापवून मेण घालवतो आणि त्या पोकळीत धातू ओततो. सर म्हणाले, टोपी होते तर नाणं का नाही होणार? कोरायला त्यांनी हमरापूरचा एक मूर्तिकार गाठला. त्याची अक्कलदाढ सरांनी काढली होती आणि तो त्यांना मानायचा. गणपतीचे डोळे आखणारा तो हात. मी सरांबरोबर त्याच्या कारखान्यात गेले. चहूबाजूंनी न रंगवलेले गणपती बसलेले आणि मधे स्टुलावर आमचे सर, मान ताठ, एका बाजूला तोंड करून. मूर्तिकाराने मेणाच्या चकतीवर सुई टेकवली आणि थांबला.

"सर, एक सांगू का? नाक जपून काढायला लागंल. सवयीचा हात हाय. लांब गेला की सोंड व्हायची."

सोंड झाली नाही. झाला तो हुबेहूब सर, डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला. चेहऱ्याभोवती रोमन लिपीत अक्षरं हवीत, तशी नाण्यावर असतातच. सरांनी मजकूर स्वतः दिला. मधे जागा न सोडता, 'यू'च्या जागी जुन्या पद्धतीने 'व्ही' घालून, गोल फिरवून त्यांनी लिहायला लावलं: दातदुखतोका. मागच्या बाजूला दात काढायची पक्कड, उभी.

ओतकाम बाजारपेठेतल्या सोनाराकडे झालं. चांदी नवी चकचकीत दिसत होती, म्हणून सरांनी काकूंच्या चांगल्या पातेल्यात अंडी उकडली आणि त्या बलकात नाणं गाडून ठेवलं. बलकाने चांदी काळवंडते. काकूंनी आठवडाभर त्या पातेल्याला हात लावला नाही. मग ते नाणं सरांच्या पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर खडखडत राहिलं, कडा झिजेपर्यंत.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"अगो, त्यांनी एकदा फसावं. फक्त एकदा. मग मी लगेच सांगेन आणि आपण सगळे हसू."

प्राध्यापक आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात भिंग. काकूंनी पोहे दिले, भाजलेले पापड दिले. त्यांनी पापडाचं कौतुक केलं, मग हात पुसून डब्या पुढे ओढल्या. बराच वेळ खोलीत फक्त भिंग टेबलावर टेकल्याचा आवाज. प्रत्येक नाण्याला "हं" म्हणायचे आणि पुढे जायचे. वेस्पासियन हातात घेतला तेव्हा सर पुढे वाकले. प्राध्यापक थोडं जास्त थांबले. म्हणाले, "हं."

शेवटच्या डबीत सर होते.

प्राध्यापकांनी नाणं उचललं. उलटलं. परत सुलटलं. मग ते सरांना म्हणाले, "जरा तिकडे व्हा, उजेड अडतोय." सर बाजूला झाले. प्राध्यापकांनी भिंगातून वर बघितलं, खाली बघितलं.

"हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"इथल्याच एका जुन्या घराण्यातून," सर म्हणाले. माझ्याकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

"असा चेहरा मी पूर्वी पाहिला नाही. पूर्वेकडचा कुणी बंडखोर असावा. स्वतःला सम्राट म्हणवून घेणारा. असे लोक फार काळ टिकत नसत." त्यांनी मागची बाजू बघितली. "आणि हा धर्मदंड. दोन नागांनी वेढलेला असावा. फार दुर्मीळ. अभ्यासासाठी मला नेता येईल?"

इथे सरांनी सांगायचं होतं. तसं ठरलं होतं. पण ते एकदम म्हणाले, "न्या की!"

"बाकीचा संग्रहही उत्तम आहे," उठता उठता प्राध्यापक म्हणाले. "सगळी नाणी अस्सल."

गाडी वळेपर्यंत आम्ही कसाबसा दम धरला. मग सर खुर्चीत कोसळले, मी कपाटाला धरून उभी. 'धर्मदंड' म्हणायचं आणि हसायचं, 'धर्मदंड' म्हणायचं आणि हसायचं. काकू पोह्याच्या बशा उचलत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"पण मग," त्यांनी विचारलं, "तुमचं ते सोंग जर त्यांना अस्सल वाटलं, तर बाकीची अस्सल आहेत हे कशावरून?"

सरांचं हसू तोंडातच राहिलं. मी आजवर भूल देऊनसुद्धा एवढ्या लवकर चेहरा बधिर झालेला बघितला नव्हता.

त्यानंतर दवाखान्याला अवकळा आली. नाण्यांच्या डब्या कपाटातून बाहेर येईनात. पेशंट भूल घेऊन गप्प बसायचे आणि सर खिडकीबाहेर बघत उभे. एका भाजीवालीने तर इंजेक्शन घेतल्यावर वाकड्या तोंडाने विचारलं, "आज राजे नाय का दाखवीत?" सर म्हणाले, "राजे आजारी हायत." सर्वांत वाईट म्हणजे ते माणसांकडे समोरून बघायला लागले. मेडिकलवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टरांना काही झालंय का? काल माझ्या डोळ्यांत डोळे घालून बोलले. मला कसंतरीच वाटलं."

कधी कधी मधल्या वेळेत ते एखादं नाणं काढायचे, कडा बघायचे, वास घ्यायचे, परत ठेवून द्यायचे. एवढी वर्षं मनात एकच इच्छा होती, कुणीतरी जाणत्याने येऊन ही खरी आहेत म्हणावं. तो आला, तसं म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्याची किंमत सरांनी स्वतःच्या हाताने, अंड्याच्या बलकात बुडवून, शून्य केली होती.

"सर, फोन करून सांगून टाका," मी म्हणायचे.

ते फोन लावायचे. पलीकडून "हॅलो" आलं की बंद करायचे. "त्यांनी त्यावर लेख लिहिला तर गो? माझी खोडी, आणि आयुष्यभराचं नाव त्यांचं जाणार. मला त्यांना हसायचं होतं. घालवायचं नव्हतं काही."

मग कळलं की प्राध्यापकांचं रोह्यात व्याख्यान आहे. सर म्हणाले, तोंडावरच सांगतो. त्या संध्याकाळी मी रोजच्यासारखी रोह्याला घरी निघाले, तेव्हा माझ्याबरोबरच ते पेणहून गाडीला बसले. नागोठणं येईपर्यंत ते माफीचं वाक्य जुळवत होते. शर्टाच्या खिशात हात घालून काहीतरी चाचपत होते. रोह्याला पोचलो तर गाडीला उशीर झालेला, हॉल भरलेला आणि प्राध्यापक बोलायला उभे राहिलेले. आम्ही मागच्या रांगेत बसलो.

व्याख्यान सुंदर झालं, हे कबूल करायला हवं. पडद्यावर एकेक नाणं मोठं होऊन येत होतं. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "आता एक असं नाणं दाखवतो, ज्याचा कुठल्याही ग्रंथात उल्लेख नाही." आणि पडद्यावर भिंतभर आमचे सर उगवले. लांब नाक, डोक्यावर पानं.

सरांनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "गेलो," ते पुटपुटले. "ते आणि मी, दोघेही गेलो."

"ह्या राजाचं नाव मला एकट्याला लागत नाही," प्राध्यापक गंभीरपणे म्हणाले. "आपण सगळे मिळून वाचू. मी एकेका अक्षरावर काठी ठेवतो. हं, मोठ्याने."

हॉल वाचायला लागला. "दा… त…" पुढच्या रांगेतल्या शाळेच्या मुलींना सर्वांत आधी कळलं. "दु… ख… तो…" तोवर सगळीकडून खसखस सुरू झाली होती, आणि शेवटचा 'का' तर छप्पर उडवून गेला. प्राध्यापकांनी हसू ओसरू दिलं. मग चष्मा काढून मागच्या रांगेकडे बघत म्हणाले, "राजे, आपण आलेले दिसता. जरा उभे राहा. प्रजेला दर्शन द्या."

सर उठले. मला वाटलं, आता हात जोडतील, नाहीतर दाराकडे पळतील. त्यांनी शर्ट सारखा केला, छाती पुढे काढली आणि सबंध हॉलला आपली उजवी बाजू दाखवत, पडद्यावरच्यासारखी मान वर करून उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

नंतर स्टेजमागे चहा घेताना प्राध्यापक म्हणाले, "अहो, चेहरा बघितला तेव्हाच शंका आली. तुम्हाला उजेडातून बाजूला केलं ते काय उजेडासाठी? नाक बाजूने बघायचं होतं. पण ती पक्कड बघितली आणि हसू दाबताना माझा घसा दुखला. धर्मदंड हे मला कसं सुचलं कोण जाणे."

सर हसले, पण अर्धवट. त्यांनी खिशातून वेस्पासियन काढला आणि पुढे केला. "मग त्या दिवशी सगळी अस्सल म्हणालात, ते?"

प्राध्यापकांनी कप खाली ठेवला. "ते शब्द तुमची जिरवायला म्हणालो. खरं सांगायचं तर बाकीची सगळी चांगली आहेत. निर्धास्त असा." ते थांबले. "हे नाही. हे ओतीव आहे, तुमच्या त्या राजासारखंच. चांगल्या कारागिराचं काम आहे, पण जुनं नाही. त्या दिवशीच सांगायला हवं होतं. तुम्ही त्याच्याकडे ज्या तऱ्हेने बघत होतात, ते बघून धीर झाला नाही."

सरांनी नाणं परत घेतलं आणि रुमालाने पुसलं.

"आणखी एक," प्राध्यापक खालच्या आवाजात म्हणाले. "पुण्याला मी तुम्हाला माइकवरून बोललो होतो. घरी जाऊन मी त्या सम्राटाच्या पुतळ्यांचे फोटो शोधून बघितले. तुमचं म्हणणं मला पटलं. दात नसावेत त्याला."

स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट बघत सर बाकावर बसले होते. मी त्यांना सोडायला थांबले होते. त्यांनी काकूंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अगो, तो खोटा निघाला."

"कोण, प्राध्यापक?"

"नाय गो. म्हातारा. वेस्पासियन."

पलीकडून काकूंनी विचारलं, "आणि बाकीचे?"

"बाकीचे खरे."

"मग जेवायला येताय ना? भाकऱ्या टाकते."

त्यांनी फोन ठेवला. नाणं तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. निडी स्टेशनच्या बाजूने गाडीचा भोंगा ऐकू आला. न राहवून मी विचारलं, "आता ह्याचं काय करणार, सर? काढून टाकणार?"

"काढून?" त्यांनी मान वळवली आणि एक डोळा बारीक करून माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी चांगली दाढ उपटा म्हणाले. "अगो, एवढी वर्षं त्याच्या तोंडात बघतोय मी. पेशंट आहे तो माझा. खोटं बोलला म्हणून कुणी पेशंटला हाकलतं का?"

आणि नाणं खिशात टाकून ते गाडीत चढले.